विद्यार्थी विकास विभागात तीन वर्षं झाली, आता पुढे काय?

पत्र असं आहे:

"ताई नमस्कार. मी एमएसडब्ल्यू (समाजकार्यात मास्टर्स) केलंय आणि मराठवाड्यातल्या एका विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास विभागात कंत्राटी आहे. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग ब्रेक, मग परत ऑर्डर, अशी तीन वर्षं गेली. युवक महोत्सव, आविष्कार ही संशोधन स्पर्धा, इंद्रधनुष्य या आंतरविद्यापीठ महोत्सवाला टीम पाठवणं, कमवा व शिका योजनेत काम करणाऱ्या मुलांची बिलं, सर्टिफिकेट छापून घेणं, पाहुण्यांची गाडी, वर्षभर हेच. मागच्या महिन्यात सेकंड इयरची एक मुलगी माझ्या टेबलाशी येऊन खूप रडली, घरचे लग्न ठरवतायत, मला शिकायचंय म्हणाली. मला काय बोलावं तेच सुचेना, पाणी दिलं आणि सर आले की बघू म्हटलं. ती परत आली नाही. जीजू म्हणतात पुण्यात ओळखीच्या कंपनीत एचआरला जागा आहे, सोड हे. मला एवढंच विचारायचंय की या कामात शिकण्यासारखं स्किल असं काही आहे का, की नुसती धावपळच आहे? आणि यात ग्रोथ आहे का? – विभागातली मॅडम"

मॅडम, तुला सरळ तू म्हणते, वयाने मोठी आहे आणि याच खात्यात माझी बरीच वर्षं गेलीत त्यामुळे तेवढा हक्क घेते.

आधी त्या मुलीचं बोलू, ग्रोथचं नंतर. ती परत आली नाही म्हणजे तिचं मिटलं असं धरू नकोस, याच आठवड्यात तिला शोध. पण घरच्या नंबरवर फोन करायचा नाही, तो फोन कोण उचलेल आणि त्यावरून तिच्या घरी काय होईल आपल्याला माहीत नसतं. तिच्या विभागातल्या एखाद्या समजूतदार मॅडमना किंवा ती वसतिगृहात असेल तर रेक्टरना एवढंच सांग की तिला माझ्याकडे पाठवा, फॉर्मवर सही राहिलीय. ती आली की दार लोटून घे, मोबाईल बाजूला ठेव आणि पहिले दहा-पंधरा मिनिटं सल्ला देऊच नकोस. तिला बोलू दे. मग तीन गोष्टी नीट विचार, तिचं वय काय (१८ पूर्ण नसेल तर विषय सरळ कायद्याचा होतो), घरी मारहाण किंवा कोंडून ठेवण्याची भीती आहे का, आणि जिवाचं काही करून घ्यावं असं मनात येतं का. हा तिसरा प्रश्न विचारायला सगळ्यांची जीभ अडखळते, वाटतं आपण विचारलं तर तिच्या डोक्यात नसलेलं घालू, पण तसं होत नाही, उलट कुणीतरी स्पष्ट विचारलं म्हणून माणूस मोकळं होतं. उत्तर हो आलं तर तिला एकटीला सोडायचं नाही, १४४१६ वर टेलि मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनला तिच्यासोबत बसून फोन लावायचा, तिथे मराठीत बोलतात, आणि सरांना त्याच क्षणी कळवायचं. आणि म्हणूनच सुरुवातीला कुणालाच सांगणार नाही असं वचन देऊ नकोस. असं म्हण की, तू सांगशील ते माझ्यापाशीच राहील, पण तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं तर मी मदत बोलावणार आणि बोलावण्याआधी तुला सांगणार. मुलं हे मान्य करतात, खोटं वचन मोडलं की मात्र परत टेबलाशी येत नाहीत.

मारहाणीची भीती असेल तर १८१ ही महिला हेल्पलाईन आहे, तातडीचं असेल तर ११२, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असतं, तिथे कायद्याची मदत, समुपदेशन आणि थोड्या दिवसांचा निवारा एकाच छताखाली मिळतो. तुझ्या जिल्ह्यातलं सेंटर नेमकं कुठे आहे, तिथल्या मॅडम कोण, हे गुगल करून थांबू नकोस, स्वतः जाऊन बघून ये, कारण रात्री आठ वाजता मुलीला पाठवायची वेळ येते तेव्हा पत्ता नुसता माहीत असून उपयोग नसतो, दारात कोण भेटेल ते माहीत असावं लागतं.

आणि अजून एक, लग्नाच्या घाईमागे पुष्कळदा फीचा हिशोब असतो. बाप तोंडाने म्हणतो चांगलं स्थळ आलंय, मनात असतं पुढच्या वर्षीची फी आणि खोलीचं भाडं कुठून आणू. ८ जुलै २०२४ च्या जीआरने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना, कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) व्यावसायिक कोर्सला प्रवेश घेतला असेल तर ट्यूशन आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ केलीय. एससी-एसटीला पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप (फीमाफी) आहे, राहण्या-खाण्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे, वसतिगृहात नंबर न लागलेल्या एससीच्या मुलांना स्वाधार योजना आहे. प्रत्येकाच्या अटी वेगळ्या, त्या वाचूनच बोलायचं. पण त्या मुलीला घरी जाऊन बापाला सांगता आलं पाहिजे की बाबा, फी लागणार नाहीये, तर बोलणं कधीकधी तिथेच वळतं. सगळ्या घरांत वळत नाही. जिथे वळतं तिथे एक मुलगी डिग्री पूर्ण करते, आणि ते तुझ्यामुळे होतं.

आता बघ, वरच्या दोन-तीन पॅऱ्यात काय काय आलं. ऐकून घेणं, धोका ओळखणं, गुप्ततेची हद्द आखणं, कायदा, जीआर, बाहेरच्या संस्था. स्किल आहे का म्हणून विचारतेस ना, तर हे स्किल आहे, आणि ते तुझ्या नोकरीच्या वर्णनात कुठेच लिहिलेलं नसतं म्हणून तुला वाटतंय की आपण फक्त मांडव आणि सर्टिफिकेट करतो.

महोत्सवाला मी कमी लेखत नाही हां. जिंतूर-भोकरसारख्या तालुक्यातला एखादा पोरगा पहिल्यांदा स्टेजवर उभा राहतो, लोकनृत्याच्या टीममधून पहिल्यांदा जिल्ह्याबाहेर जातो, ते त्याला जन्मभर पुरतं. पण महोत्सव चालवायचं काम तू एव्हाना शिकलीस, चौथ्या वर्षी तेच केलंस तर जास्त सफाईने करशील इतकंच. तुझी वाढ मुलांच्या केसेस शेवटपर्यंत नेण्यात आहे. माझं या सगळ्या पत्राला मुख्य उत्तर हेच आहे. पोस्टर सगळ्यांना दिसतं, केस कुणाला दिसत नाही, म्हणून विभागात सगळा जोर पोस्टरवर जातो, आणि तुझ्यासारख्या शिकलेल्या मुली दोन-तीन वर्षांत कंटाळून निघून जातात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण एमएसडब्ल्यू झालेलं माणूस या विभागाला मिळणं ही चैन आहे, बहुतेक ठिकाणी तेही नसतं.

हे काम परदेशातून आलेलं फॅड आहे असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. अमेरिकेत विद्यार्थ्याचा विचार फक्त मार्कांपुरता न करता पूर्ण माणूस म्हणून करा, असं सांगणारा त्यांच्या शिक्षण परिषदेचा गाजलेला मसुदा १९३७ चा आहे. आपल्याकडे शाहू महाराजांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं ते १९०१ साली, आणि पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या मुलांसाठी एकामागून एक वसतिगृहं उभी केली, कारण त्यांना कळलं होतं की शाळा उघडली तरी मुलगा राहणार कुठे आणि जेवणार काय हे सुटल्याशिवाय तो टिकत नाही. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, साताऱ्याच्या बोर्डिंगमध्ये सगळ्या जातींची पोरं एकत्र ठेवली, आणि लक्ष्मीबाईंनी त्या पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. तू ज्या कमवा व शिकाच्या बिलांवर वैतागतेस ती योजना त्या घरातून आलीय. त्यामुळे तुझं टेबल फार जुन्या आणि मोठ्या कामाचं आहे, एवढं मनात ठेव, बाकी इतिहासाचं पुरे.

आता नियमांचं. तुला सगळ्यात लवकर आणि फुकटात वाढवता येणारं स्किल म्हणजे नियम पाठ असणं. आपल्या विभागांमध्ये ही बाजू फार कच्ची असते, जो तो म्हणतो सरांना विचारते, सर म्हणतात कुलसचिवांना विचारतो, आणि मधल्या मधे मुलाचा महिना जातो. तुला चार-पाच गोष्टी झोपेतून उठवलं तरी सांगता आल्या पाहिजेत. रॅगिंगचे यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) नियम २००९ चे आहेत, गुन्हा घडल्याची माहिती आली की संस्थाप्रमुखाने २४ तासांत एफआयआर करायचा असतो, "आधी आपण आपसात मिटवून बघू" याला त्यात जागा नाही, हेल्पलाईन १८०० १८० ५५२२. आपल्या राज्याचा स्वतःचा रॅगिंगविरोधी कायदाही १९९९ पासून आहे. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी यूजीसीचे २०१५ चे नियम, तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत, योग्य कारण असेल तर मुदत वाढते, चौकशी ९० दिवसांत, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर अंतर्गत समितीत विद्यार्थी प्रतिनिधीही असतात. बाकीच्या तक्रारींसाठी २०२३ चे तक्रार निवारणाचे नियम, त्यात समितीने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा आणि मुलाचं समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. अ‍ॅडमिशन रद्द केली म्हणून मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवता येत नाहीत, हे यूजीसीने २०१८ मध्येच स्पष्ट केलंय, आणि तरी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या कॉलेजातून एखादा पोरगा टीसी आणि मार्कशीटसाठी रडत येतो. दिव्यांग विद्यार्थ्याला परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक. हे सगळं इंटरनेटवर उपलब्ध आहे, प्रिंट काढ, मार्कर घेऊन वाच, आणि एका फाईलला लाव. पुढच्या वेळी कुणी येईल तेव्हा तू सर आले की बघू म्हणणार नाहीस, तू म्हणशील की अर्ज आत्ता लिही, आवक क्रमांक घे, अमुक तारखेपर्यंत उत्तर यायला हवं.

आवक क्रमांकावरून आठवलं, ऑफिस चालतं कसं ते शिकणं हेही मोठं स्किल आहे आणि एमएसडब्ल्यूत कुणी शिकवत नाही. मुलाचं दुःख कितीही खरं असलं तरी विद्यापीठात ते टिपणीवर आल्याशिवाय पुढे सरकत नाही. विषय, संदर्भ, वस्तुस्थिती, नियम काय म्हणतो, आपला प्रस्ताव काय, आणि खाली मान्यतेस्तव सादर. एका पानात बसली पाहिजे, मोठी झाली की वाचत नाहीत, फाईल टेबलावर पडून राहते. चांगली टिपणी लिहिणाऱ्या माणसाला कुलसचिव कार्यालयात नावाने ओळखतात, तू कंत्राटी आहेस का परमनंट हे तिथे कुणी विचारत नाही. वित्त व लेखा विभागातल्या कुणाशी तरी नीट ओळख ठेव, अग्रिम (आगाऊ रक्कम) कसं उचलायचं, समायोजन (त्याचा हिशोब) कधीपर्यंत द्यायचं, ऑडिट आक्षेप कशाने येतो ते समजून घे, कारण कमवा व शिकाच्या पोरांचे पैसे अडकतात ते निधी नाही म्हणून अडकतातच असं नाही, पुष्कळदा हजेरीपटावर एक सही राहिलेली असते. त्या पोरांना त्या पैशांवर मेस भरायची असते गं. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलचंही तसंच, अर्ज कॉलेजच्या लॉगिनला अडकलाय का समाजकल्याणच्या, का पैसे सुटलेत पण खातं आधारला जोडलेलं नाही म्हणून जमा होत नाहीयेत, हे स्क्रीन बघून तुला दोन मिनिटांत सांगता आलं तर त्या मुलाच्या तालुक्याला मारायच्या चार चकरा वाचतात. व्हॅलिडिटी, नॉन-क्रिमी लेयर, गॅप सर्टिफिकेट यातलं काय कुठे मिळतं आणि साधारण किती दिवस लागतात त्याचा एक कागद करून विभागाच्या दारावर लाव, जूनमध्ये तुझं अर्धं काम हलकं होईल.

नोंद ठेवणं. इथे मी थोडी हट्टी आहे. प्रत्येक मुलामागे चार ओळी लिहायच्या, त्याच दिवशी. तो काय म्हणाला (त्याच्या शब्दात, तुझ्या निष्कर्षात नको), मी काय केलं, कुणाकडे पाठवलं, आणि परत कधी विचारायचं ती तारीख. ती तारीखच सगळ्यात महत्त्वाची, तुझी ती मुलगी निसटली ती तारीख नव्हती म्हणून. वही कुलुपात ठेव, नावाऐवजी नंबर वापर, आणि कॉम्प्युटरवर ठेवायचं असेल तर ऑफिसच्या सगळ्यांच्या कॉमन पीसीवर अजिबात नको, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर चुकूनही कुणाचं नाव टाकू नकोस, सरांनी विचारलं तरी. वर्षाअखेरीला या वहीतून नावं न घेता एक साधा तक्ता निघतो, किती मुलं आली, कशासाठी आली, कुठल्या महिन्यात जास्त आली, कितींचं सुटलं, किती दिवसांत. कुठलं भारी सॉफ्टवेअर लागत नाही. समज त्यात दिसलं की ऑक्टोबरमध्ये मेसच्या पैशांसाठी येणारी मुलं एकदम वाढतात, तर कमवा व शिकाचं बिल सप्टेंबरातच काढा असा प्रस्ताव तू पुराव्यासकट ठेवू शकतेस. नॅक म्हणजे कॉलेज-विद्यापीठांना दर्जा देणारी संस्था, तिच्या सात निकषांत पाचवा निकष विद्यार्थी सहाय्याचाच होता, त्यासाठीचा एसएसआर (स्वयंमूल्यमापन अहवाल) भरताना आयक्यूएसी या गुणवत्ता कक्षातले लोक प्रत्येक विभागाकडे धावत यायचे की काही आकडे आहेत का, आणि बहुतेकांकडे फक्त फोटो असायचे. आकडे असलेल्या माणसाला मीटिंगला बोलावतात, आणि ग्रोथ तिथून सुरू होते.

तुला स्वतःला कुठे मापायचं असेल तर अमेरिकेतल्या एसीपीए आणि नॅस्पा या दोन संघटनांनी मिळून या क्षेत्रासाठी दहा कौशल्यक्षेत्रांची यादी केलीय, २०१५ मध्ये सुधारली, प्रत्येकात प्राथमिक, मधली आणि प्रगत अशा तीन पायऱ्या. नीतिमूल्यं, इतिहास, मूल्यमापन, कायदा, मनुष्यबळ, नेतृत्व, सामाजिक न्याय, विद्यार्थ्याची वाढ, तंत्रज्ञान, सल्ला आणि आधार. एका रविवारी बसून प्रत्येकापुढे प्रामाणिकपणे लिही की मी कुठल्या पायरीवर. तुझी सल्ला आणि सामाजिक न्यायाची बाजू एमएसडब्ल्यूमुळे बरी असेल, कायदा आणि मूल्यमापन कच्चं असेल, असा माझा अंदाज. फक्त सामाजिक न्यायाचा अर्थ तिथल्या पुस्तकातून उचलू नकोस, आपल्याकडे तो तांड्यावरून आलेल्या, घरात पहिल्यांदाच कॉलेजला जाणाऱ्या पोरीचा आहे, आडनाव ऐकून रूममेट बदलून मागणाऱ्या पोरांचा आहे, इंग्रजीतली नोटीस न कळल्याने फॉर्मची तारीख चुकलेल्या पोराचा आहे. तुझ्या विभागाची प्रत्येक नोटीस साध्या मराठीत निघाली पाहिजे, एवढा एक आग्रह तू आजपासून धरू शकतेस, त्याला कुणाची मान्यता लागत नाही.

एक सावधगिरी. तू समुपदेशक नाहीस, मानसोपचारतज्ज्ञ तर नाहीसच, आणि दारावर तशी पाटी कुणी लावायला सांगितली तर नाही म्हण. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते. तुझं काम पहिलं ऐकण्याचं, ओळखण्याचं आणि योग्य माणसापर्यंत हात धरून नेण्याचं, आणि नेल्यावर पुन्हा विचारण्याचं. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये सुकदेब साहा प्रकरणात मार्गदर्शक सूचना दिल्यात, १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा आणि शिक्षक-शिक्षकेतर सगळ्या स्टाफला वर्षातून दोनदा मानसिक प्रथमोपचाराचं, धोक्याची लक्षणं ओळखायचं ट्रेनिंग हवं. तुझ्या विद्यापीठात ते झालंय का विचार. नसेल तर टिपणी तूच लिही, त्याला निकालाचा संदर्भ जोड आणि आयोजनाची जबाबदारी माझ्याकडे द्या म्हण. आयोजन तर तुला येतंच, तीन वर्षं केलंयस, आता ते या कामाला लाव.

रात्री-बेरात्री फोन येतात ना? येणारच, मुलांना नंबर मिळाला की ती कशालाही फोन करतात, रिझल्ट कधी लागणार इथपासून. ऑफिसचा वेगळा नंबर माग, नाही दिला तर स्वस्तातलं दुसरं सिम घे, आणि मुलांना आधीच सांगून ठेव की रात्री जिवाशी गाठ असेल तर १४४१६ किंवा ११२, आणि वसतिगृहात असाल तर रेक्टर, बाकी सगळं सकाळी दहाला. हे निष्ठुरपणाचं नाही. चोवीस तास उपलब्ध राहणारी माणसं या खात्यात टिकत नाहीत, आणि तू गेलीस की त्या वहीतली तीस-चाळीस पोरं परत पहिल्यापासून कुणाला तरी सगळं सांगत बसणार. एखाद्या केसने झोप उडाली तर बोलायला तुझ्या कॉलेजातले जुने सर-मॅडम, बॅचमेट कुणीतरी ठेव, नाव न घेता बोलायचं.

आता ग्रोथ. खरं सांगायचं तर तुझ्या आत्ताच्या खुर्चीला वरची पायरी नाहीये. सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ ने विद्यार्थी विकास मंडळ आणि संचालक हे पद दिलं, पण बहुतेक ठिकाणी तो कार्यभार प्राध्यापकाकडेच असतो, आणि अकरा महिन्यांच्या ऑर्डरवरून माणूस आपोआप वर चढत नाही, कितीही चांगलं काम केलं तरी. ही व्यवस्था अन्यायाची आहे असं माझं स्पष्ट मत आहे, सगळ्यात नाजूक काम सगळ्यात कच्च्या नोकरीवर टाकलंय. त्यामुळे वाट आपण आखायची. समाजकार्यात नेट किंवा सेट काढ, याला मी पहिला नंबर देते, कारण त्याने सहायक प्राध्यापकाचं दार उघडतं आणि तिथून एनएसएस कार्यक्रम अधिकारी, विद्यार्थी विकास अधिकारी, पुढे संचालक हा सगळा रस्ता मोकळा होतो. प्रशासनाची आवड असेल तर सहायक कुलसचिवाच्या जाहिरातींवर लक्ष ठेव. तिसरा रस्ता खासगी विद्यापीठं आणि मोठ्या निवासी संस्था, तिथे स्टुडंट अफेअर्स किंवा वेलनेस सेंटर म्हणून स्वतंत्र ऑफिस असतात, पूर्ण वेळ माणसं घेतात, आणि इंटरव्ह्यूत महोत्सवाचा अल्बम कुणी बघत नाही, एखादी अवघड केस तुम्ही कशी हाताळली असं विचारतात. तेव्हा तुझ्या त्या वहीतली नाव झाकलेली केस कामाला येते.

जीजूंचं एचआर. घरात पैशांची ओढ असेल, कर्ज असेल, वडिलांचं आजारपण असेल तर बिनधास्त जा, त्यात काही कमीपणा नाही आणि मन खाऊ देऊ नकोस, तुझ्या पगारावर घर चालत असेल तर तो विचार पहिला. पण नुसतं इथे स्किल नाही म्हणून जात असशील तर माझा सल्ला, एक वर्ष थांब. या वर्षात सेटचा फॉर्म भर, नियमांची फाईल कर, वही सुरू कर, आणि संचालक सरांना भेटून सरळ सांग की महोत्सवाचं करतेच, पण मला विद्यार्थी सहाय्याचं टेबल अधिकृतपणे द्या, रोज दोन तास, दुपारी तीन ते पाच, दारावर पाटी लावून. तोंडी मागू नकोस, एका पानाची टिपणी ने. सर नाही म्हणाले तर महोत्सव संपल्यावर पुन्हा ने, त्या काळात त्यांचंही डोकं ठिकाणावर नसतं.

आणि ऑर्डर संपायच्या आधी दरवेळी अनुभव प्रमाणपत्र मागून घेत जा, ब्रेकमध्ये मागायला गेलं की लटकवतात. मजकूर तू टाईप करून दे, नाहीतर ते "विभागात काम केले व वर्तणूक चांगली होती" एवढंच लिहून देतील. त्यात लिही: विद्यार्थी तक्रारींची प्राथमिक नोंद व पाठपुरावा, शिष्यवृत्ती मार्गदर्शन, कमवा व शिका योजनेचे व्यवस्थापन, रॅगिंगविरोधी समितीस सहाय्य, मानसिक आरोग्य प्रशिक्षणाचे आयोजन. जे खरोखर केलंस तेवढंच लिही, कालावधी तारखांसकट, आणि जावक क्रमांक घेतल्याशिवाय ऑफिसमधून हलू नकोस.